‘तो आमचा माणूसच नाही’ म्हणणाऱ्या मालकाकडून भरपाई मिळवताना

ठेकेदाराचा माणूस कामावर पडला, भाजला, चिरडला की जागेचा मालक सगळ्यात आधी एकच वाक्य बोलतो, तो आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे, त्याला विचारा. आमच्या भागात हे वाक्य ऐकून किती घरं गप्प बसलीत ते मला माहितीये, कारण आमच्या गावातली निम्मी तरणी पोरं फॅब्रिकेशन, पत्रे, रंगकाम, बोअरची मोटर काढणं असल्या कामांवर ठेकेदाराच्या हाताखाली जातात. माझ्या दादाच्या बाबतीत आम्ही गप्प बसलो नाही. जवळजवळ तीन वर्षं लागली, पण कोर्टानं मालकाला जबाबदार धरलं. ते कसं झालं, कुठले कागद उपयोगी पडले, कुठे अडलो, हे सगळं लिहून ठेवतेय. मी वकील नाही, एका पतसंस्थेत क्लार्क आहे, त्यामुळे कायद्याचं जे काही सांगतेय ते आमच्या केसपुरतं आमच्या वकील मॅडमनी समजावलेलं आणि मी स्वतः बसून वाचलेलं.

दादा पत्र्याचं काम करायचा, सोळा-सतरा वर्षांपासून. सांगली म्हणजे हळदीची पेठ, गोडाऊनं भरपूर, आणि प्रत्येक गोडाऊनवर पत्रे. दरवर्षी एप्रिल-मे आला की ही कामं निघतात, जुने तडे गेलेले पत्रे बदलायचे, जे-बोल्टचे वॉशर बदलायचे, पन्हाळी साफ करून गळती बंद करायची, म्हणजे जूनमध्ये माल भिजणार नाही. मे २०२२ मध्ये अशाच एका पेढीच्या गोडाऊनवर दादा आणि अजून चौघं चढले होते, ठेकेदार आमच्याच गावचा, आम्ही त्याला अण्णा म्हणतो. सिमेंटच्या पत्र्यांवर उजेडासाठी मध्ये मध्ये फायबरचा पत्रा घातलेला असतो, तो सुरुवातीला वेगळा दिसतो पण दहा-पंधरा वर्षांची धूळ आणि शेवाळ बसलं की सिमेंटचा कुठला आणि फायबरचा कुठला वरून कळत नाही. दादाचा पाय फायबरवर पडला आणि तो बावीस फुटांवरून सरळ खाली फरशीवर आला.

पत्र्यावरची जुनी माणसं सांगतात की बोल्टच्या ओळीवरूनच चालायचं, खाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी, असते म्हणून. दादालाही हे माहीत होतं आणि तो तसाच चालायचा. पण पत्रा उचलून दुसऱ्या बाजूला न्यायचा म्हणजे ओळ सोडावीच लागते, हातात पत्रा असताना खाली बघताही येत नाही. अशा छपरावर काम करायचं तर चालायला आडव्या फळ्या टाकाव्या लागतात, वजन पर्लिनवर जाईल अशा, फायबरचे पत्रे खुणा करून झाकावे लागतात, कड्याला दोर बांधून त्याला अंगावरचा सुरक्षेचा बेल्ट अडकवावा लागतो, खाली जाळी लावता आली तर आणखी चांगलं. यातलं एकही तिथे नव्हतं. एक बांबूची शिडी होती, तीसुद्धा गोडाऊनचीच.

दादाच्या दोन्ही टाचांची हाडं फुटली आणि कमरेचा एक मणका दबला. नंतर डॉक्टर म्हणाले की उंचावरून पायांवर पडलेल्या माणसात हे तिन्ही बऱ्याचदा एकत्र असतं. आधी सिव्हिलला नेलं आणि तिथे एमएलसी झाली, म्हणजे अपघाताची केस म्हणून नोंद, मग पोलिसांनी जबाब घेतला, गोडाऊनवर जाऊन पंचनामा केला. त्यावेळी आम्हाला यातल्या कशाचं महत्त्व कळत नव्हतं, आम्ही रक्ताच्या बाटलीमागे धावत होतो. पण पुढे सगळी केस उभी राहिली ती या दोन कागदांवर. पंचनाम्यात लिहिलं होतं की फायबरचा पत्रा फुटलेला आहे, सुरक्षेचं कुठलंही साधन जागेवर दिसून आलं नाही. आणि कॅज्युअल्टीच्या नोंदीत लिहिलेलं होतं की रुग्ण शुद्धीत आहे, तोंडाला दारूचा वास नाही. ही ओळ किती कामाला आली ते पुढे सांगते. कुणाचा असा अपघात झाला आणि नातेवाईक थेट प्रायव्हेटला न्यायला निघाले तरी एमएलसी करून घ्या, प्रायव्हेटलाही होते, पण सांगावं लागतं.

मणक्याचं ऑपरेशन मिरजेला झालं, मोठा भाग महात्मा फुले योजनेत बसला, पण औषधं, कमरेचा बेल्ट, वॉकर, फिजिओथेरपी, गाडीभाडं हे सगळं वरचं. वहिनीचं गंठण आमच्याच पतसंस्थेत तारण ठेवलं, कागद मीच केले. तिला मी तेव्हाच सांगितलं की प्रत्येक औषधाचं पक्कं बिल घे, दादाच्या नावाचं, साध्या चिठ्ठीवर लिहिलेलं चालणार नाही. हे कायद्याच्या माहितीतून नव्हतं, हिशोबाच्या सवयीतून होतं. पुढे कळलं की कामगाराच्या उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकानं परत द्यायचा असतो, भरपाईच्या रकमेला हात न लावता, वेगळा.

पेढीचे शेठ दवाखान्यात एकदाही आले नाहीत. दिवाणजी आले, दहाव्या-बाराव्या दिवशी, सोबत शंभरच्या स्टॅम्पवर टाईप केलेला मजकूर. ५०,००० रुपये माणुसकी म्हणून देतोय, यापुढे पेढीविरुद्ध कुठलीही तक्रार, दावा, मागणी राहणार नाही, अशी सही दादाची आणि वहिनीची. वहिनीनं पेन हातात घेतलं होतं. घरात पैसे नाहीत, दोन पोरं शाळेत, नवरा आडवा, तिनं काय करायचं. मी म्हणलं दिवाणजी, कागद ठेवून जा, वाचून सांगतो. ते कागद ठेवायला तयार झाले नाहीत आणि तिथेच मला कळलं की हा कागद आमच्या भल्याचा नाही. पुढे मॅडमनी सांगितलं की कामगाराला मिळणारी भरपाई सोडून द्यायला लावणारा असा करार कर्मचारी नुकसान भरपाई कायद्यात रद्दच असतो, कलम १७. पण सही झाली असती तर तो रद्द आहे हे सांगण्यात अजून एक वर्ष गेलं असतं, आणि सही केलेला माणूस मनातूनच हरलेला असतो.

अण्णा मात्र रोज यायचा. त्यानं स्वतःच्या खिशातून दवाखान्यात १५,००० भरले, पोरांच्या वह्या आणल्या. तो काही मोठा ठेकेदार नाही, एक जुना टेम्पो, एक वेल्डिंग मशीन, आणि पाच-सहा माणसं. म्हणून केस करायची म्हणल्यावर घरात पहिला वाद झाला तो हा, की अण्णावर केस? दादा तर म्हणाला मला काही नको पण त्याच्यावर कोर्ट लावू नका.

जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे फुकट वकील मिळतो हे मला ऑफिसातल्या एका सरांनी सांगितलं. बायका, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न बघता मिळतो. आम्हाला एक वकील मॅडम मिळाल्या. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं पुष्कळ लोक म्हणतात, आमचा अनुभव पूर्ण उलटा आहे, मॅडमनी ही केस स्वतःच्या घरची असल्यासारखी चालवली.

त्यांचा पहिला प्रश्न होता, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, होतं का? कारण कामगार ईएसआयमध्ये असला तर भरपाई कायद्याखाली मालकावर दावा करता येत नाही, फायदे ईएसआयकडून घ्यायचे, आणि तिथे तर ठेकेदाराच्या माणसाचीही वर्गणी भरायची जबाबदारी मूळ मालकावर असते. पण पेढीत कायमची पाचच माणसं, अण्णाकडे सहा, कुणालाच ईएसआय लागू नव्हतं. दुसरा प्रश्न, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होती का? नव्हती. इमारतीची दुरुस्ती करणाराही त्यात बसतो, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, हे दादाला कुणी सांगितलंच नव्हतं. ती असती तर निदान मंडळाच्या योजनांसाठी अर्ज तरी करता आला असता. तिसरा प्रश्न, पेढीनं किंवा अण्णानं कामगारांचा विमा काढला होता का? हा विमा कुठल्याही विमा कंपनीकडे मिळतो, ठेकेदाराची माणसं धरूनही मिळतो. गोडाऊनमधल्या हळदीचा विमा होता, आगीचा, पुराचा, चोरीचा. माणसांचा नव्हता.

मग मॅडमनी कलम १२ समजावलं आणि माझ्या मते सगळ्यांनी माहीत करून घ्यायची गोष्ट ही आहे. १९२३ चा कर्मचारी नुकसान भरपाई कायदा, इंग्रजांच्या काळातला, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला, २००९ च्या दुरुस्तीत ‘वर्कमेन’ जाऊन ‘एम्प्लॉई’ असं नाव झालेला. त्यात म्हणलंय की एखादा मालक आपल्या धंद्यासाठी, धंद्याचा एरवीच भाग असलेलं काम ठेकेदाराकडून करून घेत असेल, आणि त्या कामावर, मालकाच्या ताब्यातल्या जागेत, ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला, तर तो माणूस जणू मालकानंच कामाला ठेवलाय असं धरून मालकानं भरपाई द्यायची. मालकाला ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करता येते, पण तो त्या दोघांचा आपसातला हिशोब, कामगारानं त्यासाठी थांबायचं कारण नाही. कामगाराला वाटलं तर तो ठेकेदाराकडूनही मागू शकतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की ठेकेदार मध्ये घातला की मोठा माणूस हात झटकतो आणि लहान ठेकेदाराकडे द्यायला काही नसतं. शिवाय इथे चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. अपघात कामामुळे आणि काम करताना झाला एवढं दाखवायचं.

जिथे कारखाना असतो तिथे तर अजून कडक आहे. आमचं गोडाऊन कारखाना कायद्यात बसत नव्हतं, पण मॅडम म्हणाल्या की १९४८ च्या कारखाना कायद्यात (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतच ठेकेदारामार्फत आलेला माणूस धरलेला आहे, मूळ मालकाला माहीत असो किंवा नसो. आणि भोपाळनंतर १९८७ मध्ये त्यात कलम ७ए घातलं, कारखान्यात काम करणाऱ्या सगळ्या कामगारांची सुरक्षितता, आरोग्य बघायचं काम ऑक्युपायरचं, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याचं, आणि कंपनी असेल तर ऑक्युपायर म्हणजे डायरेक्टर, तिथला कुणी सुपरवायझर नाही. कलम ३२ मध्ये उंचावर काम करणारा माणूस पडू नये म्हणून कठडा किंवा दुसरी सोय करायला सांगितलीय. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, अपघात झाला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही जाता येतं.

अण्णाचं काय, तर मॅडम म्हणाल्या त्याला पक्षकार करावंच लागेल, तो थेट मालक आहे, पण आपण पेढीला क्रमांक एक करू. अण्णाला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला ताई, मी कोर्टात खोटं बोलणार नाही, माझा माणूस होता, माझ्याच कामावर पडला. त्यानं लेखी म्हणण्यातही तसंच लिहून दिलं.

आधी दोघांना रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. पेढीकडून उत्तर आलं, वकिलामार्फत, आमचा तुमच्याशी संबंध नाही. मग लेबर कोर्टात अर्ज. आपल्याकडे बहुतेक जिल्ह्यांत लेबर कोर्टाचे जजसाहेबच या कायद्याखाली आयुक्त म्हणून काम बघतात. अर्ज करायची मुदत अपघातापासून दोन वर्षं. अर्जात अपघाताची तारीख, जागा, वय, पगार, जखमा, आणि किती मागतोय ते.

पगार सिद्ध करणं हा पहिला डोंगर. दादाला रोज ८०० रुपये, शनिवारी बाजाराला हिशोब. पावती नाही, मस्टर नाही. पण कोरोनानंतर अण्णा फोनपेवर पैसे टाकायला लागला होता, त्यामुळे बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि प्रत्येक शनिवारची नोंद मार्करनं रंगवली. महिन्याला वीस हजारांच्या आसपास बसत होता. पण हिशोबाला १५,००० च धरतात, तेवढी कमाल मर्यादा केंद्र सरकारनं जानेवारी २०२० मध्ये ठरवलेली, त्याआधी तर ८,००० होती. वयाचा दाखला शाळेचा, चाळीस पूर्ण. कायद्याच्या मागे एक तक्ता आहे, वयाप्रमाणे एक आकडा, चाळीसला १८४.१७. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के गुणिले तो आकडा. म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७, होतात १६,५७,५३०. माणूस गेला असता तर ५० टक्क्यांनी, म्हणजे १३,८१,२७५. हे मी रात्री कॅल्क्युलेटरवर केलं आणि वहिनीला दाखवलं तेव्हा तिला ५०,००० चा कागद आठवून रडू आलं.

मग तारखा. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात काय होतं ते कोर्टात गेलेल्याला सांगायला नको, समन्स बजावलं नाही, म्हणणं द्यायला मुदत, वकील आजारी, साहेबांची बदली, मग काही महिने कोर्ट रिकामं. दादाला वॉकरवर घेऊन जायचं तर अख्खी रिक्षा करावी लागायची. मी रजा टाकायचे. यात कुणावर राग नाही, तिथे फाईलींचे गठ्ठे बघितले की कळतं, पण ज्याच्या घरात कमावता माणूस आडवा आहे त्याला ही वर्षं फार जड जातात.

पेढीचं लेखी म्हणणं आलं त्यात सगळंच होतं. एक, हा आमचा माणूस नाही. दोन, ठेकेदाराशी लेखी करार आहे, त्यात लिहिलंय की कामगारांच्या सुरक्षिततेची सर्व जबाबदारी ठेकेदाराची राहील. तीन, अर्जदार दारू प्यायला होता. चार, त्याला बेल्ट दिला होता, त्यानं घातला नाही. पाच, आमचा धंदा हळद खरेदी-विक्री आणि साठवणुकीचा, पत्रे दुरुस्त करणं हा आमचा धंदाच नाही, म्हणून कलम १२ लागू होत नाही. दादानं हे ऐकल्यावर तिसऱ्या मुद्द्यावर त्याचं डोकं फिरलं. तो माळकरी आहे, वारीला जातो. वर्षानुवर्षं ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर नीट ठेवलं त्यांनी असं लिहावं याचं दुःख त्याला पायापेक्षा जास्त झालं. पण ती कॅज्युअल्टीची ओळ पुढे केली आणि तो मुद्दा तिथेच संपला.

बेल्टचं म्हणाल तर कामगारानं मुद्दाम स्पष्ट सूचना मोडली किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं आणि त्यामुळेच अपघात झाला, तर मालकाला बचाव घेता येतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हा बचावसुद्धा चालत नाही, पण आमच्यात अपंगत्व किती यावरच वाद, म्हणून त्यांनी तो लावून धरला. मॅडमनी विचारलं बेल्ट कधी घेतला, बिल कुठाय, अडकवायचा कशाला, वर दोर कुठे बांधला होता? दिवाणजींकडे उत्तर नव्हतं. पंचनाम्यात तर सुरक्षेचं साधनच नव्हतं. रिकाम्या छपरावर नुसता बेल्ट घालून उपयोग काय, तो कशाला तरी अडकला पाहिजे ना.

खरा जीव होता पाचव्या मुद्द्यात. आणि तिथे साक्षीदार महत्त्वाचा होता, दादासोबत वर असलेला एक पोरगा. तो आधी तयार, मग नाही, मग फोन उचलेना. त्याला दुसऱ्या एका पेढीवर काम मिळालं होतं आणि तिथल्या लोकांनी सांगितलं की कोर्टात गेलास तर इथे यायचं नाही. त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही, त्याच्या घरी म्हातारी आई. शेवटी अण्णानंच त्याला समजावून आणला. त्यानं सरळ सांगितलं, पत्रे पेढीनं विकत आणून दिले होते, कुठले बदलायचे ते दिवाणजी खाली उभं राहून दाखवत होते, शिडी गोडाऊनची होती, आत जाताना गेटवर नावं लिहिली होती. मॅडमनी अर्ज करून गेटचं रजिस्टर आणि पत्र्यांची बिलं मागवली. आधी सापडत नाहीत म्हणाले, कोर्टानं परत सांगितल्यावर आली. बिलं पेढीच्या नावावर, पेढीच्या जीएसटी नंबरवर, आणि मागच्या तीन वर्षांच्या खातेवहीत दर मे महिन्यात ‘गोडाऊन पत्रे दुरुस्ती’ अशी नोंद, अण्णाच्याच नावानं.

दिवाणजींचा उलटतपास मी मागच्या बाकावर बसून ऐकला. मॅडमनी आवाज चढवला नाही. हे काम दरवर्षी करावं लागतं का? हो. नाही केलं तर? गळतं. गळलं तर? माल भिजतो. हळद भिजली तर? बुरशी लागते, भाव मिळत नाही. म्हणजे माल कोरडा ठेवल्याशिवाय तुमचा साठवणुकीचा धंदा चालत नाही? दिवाणजी थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, नाही चालत. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटलं, तोही पगारीच. पण खरं बोलला.

टक्केवारीचं अजून सांगायचं राहिलं आणि इथेच लोक फसतात. सिव्हिलच्या बोर्डानं दादाला ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र दिलं. पेढीचे वकील म्हणाले ठीक आहे, द्यायचीच झाली तर ४० टक्क्यांप्रमाणे द्या, म्हणजे ६,६३,०१२. पण शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईची ताकद किती गेली ते वेगळं, आणि कायदा कमाईच्या ताकदीचं विचारतो. मॅडमनी सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर १९७५ चा निकाल दाखवला, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता. त्यातल्या कामगाराचा, तो सुतार होता, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, मालक म्हणत होता की हे पूर्ण अपंगत्व नाही, कोर्टानं म्हणलं एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्या कामापुरतं ते पूर्णच. त्याच निकालात हेही आहे की भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नसतं.

ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांना साक्षीला बोलावणं फार अवघड गेलं, ओपीडी सोडून कोण येणार, पण ते आले. त्यांनी सांगितलं की हा माणूस शिडी चढू शकत नाही, उकिडवा बसू शकत नाही, उतारावर तोल राहत नाही, वजन उचलायचं नाही, आणि टाचेचं दुखणं आयुष्यभर राहील. कागदावरचे ४० टक्के आणि हे बोलणं यात फरक आहे, म्हणून डॉक्टरांची तोंडी साक्ष सोडू नका, नुसतं प्रमाणपत्र जोडून भागत नाही.

निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला. पेढी कलम १२ प्रमाणे जबाबदार. करारातलं ते वाक्य पेढी आणि ठेकेदार यांच्यातलं, कामगाराला बांधील नाही. कमाईची ताकद ७० टक्के गेली असं धरलं, म्हणजे ११,६०,२७१, त्यावर अपघाताच्या तारखेपासून दरसाल १२ टक्के व्याज, उपचाराची बिलं वेगळी, आणि दोघांनी मिळून किंवा कुणाही एकानं द्यायचे. ३० टक्के का कापले तर कोर्ट म्हणालं की बसून करायचं काही काम तो करू शकेल. मला हे पटलेलं नाही. सातवी शिकलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आमच्या गावात बसून करायचं काम कोण देतं? पण दादा म्हणाला आता अपील नको, बास.

पेढीच्या बाजूनं अपील करणार असं कळलं होतं, पण मालकाला हायकोर्टात जायचं तर आधी सगळी रक्कम आयुक्तांकडे भरून तसं प्रमाणपत्र जोडावं लागतं. रक्कम भरली आणि मग अपील केलंच नाही. पैसे कोर्टामार्फत मिळाले, मोठा भाग दादाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, व्याज दर तिमाहीला खात्यावर. गंठण सोडवलं. दादानं गावातच वेल्डिंग रॉड, नट-बोल्ट, वॉशर, पत्र्याचे हुक विकायचं छोटं दुकान टाकलंय, उधारी जास्त आहे पण माणूस घराबाहेर पडतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्यात, भरपाईचा हा भाग आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय आणि ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारं कलम तिथेही ठेवलंय. आमची केस जुन्या कायद्याखाली चालली, त्यामुळे नव्यात कलमांचे नंबर वेगळे असणार, ते आपापल्या वकिलांकडून समजून घ्या.

आमच्याकडे दोन गोष्टी अजून चालू आहेत. एक म्हणजे दंडाची. अपघातानंतर महिन्याभरात पैसे दिले नाहीत आणि उशिराला योग्य कारण नसेल तर व्याजाशिवाय मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लावता येतो, पण त्याआधी मालकाला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. ती दिलीय, सुनावणी व्हायचीय.

दुसरी मला जास्त टोचते. पेढीनं आता अण्णाला नोटीस पाठवलीय, त्या करारातल्या वाक्यावर बोट ठेवून, की आम्ही भरलेली सगळी रक्कम तू दे. कायद्यानं पेढीला ते मागता येतं. पण पत्रे तुमचे, शिडी तुमची, कुठला पत्रा काढायचा ते दाखवणारा माणूस तुमचा, आणि कामाचा दर ठरवताना सुरक्षेच्या नावानं एक रुपया धरलेला नव्हता, मग सगळी रक्कम अण्णाचीच कशी? किती वसूल करता येईल यावर दोघांचं जमलं नाही तर तेही आयुक्तांपुढेच ठरतं. अण्णा नोटीस घेऊन दुकानात आला होता. मी त्याला खातेवहीच्या आणि पत्र्यांच्या बिलांच्या आमच्याकडच्या नकला काढून दिल्या, आणि सोमवारी विधी सेवाच्या ऑफिसात त्याच्यासोबत जाणार आहे. आमच्या मॅडम त्याची बाजू घेऊ शकणार नाहीत, दुसरा वकील मागावा लागेल.